पेटीतली शेव

आमच्या घरात कुणाशी भांडण होत नसे. ज्याच्याशी व्हायला हवं होतं, त्याचं नाव संध्याकाळच्या प्रार्थनेत येत असे. पप्पांची ही पद्धत होती आणि इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या आमच्या ओळीत ती सगळ्यांना ठाऊक होती, कारण घरांच्या भिंती एकमेकींना लागून होत्या आणि पप्पांचा आवाज मोठा होता. दूधवाल्यानं पाणी घातलं, साहेबानं रजा नाकारली, चर्चच्या मंडळीच्या बैठकीत कुणी उलट उत्तर दिलं, तरी पप्पा समोरासमोर अवाक्षर काढत नसत. घरी येऊन हातपाय धुवायचे, सात वाजता आम्हा सगळ्यांना सतरंजीवर बसवायचं, डोळे मिटायचे आणि त्या माणसाला नावानिशी देवाच्या हवाली करायचं. "हे प्रभू, आमचा भाऊ रामलाल दूधवाला, त्याचं मन मऊ कर, त्याला खरेपणाच्या वाटेवर आण." पलीकडच्या शिर्केकाकू त्या वेळी रेडिओ बारीक करत असाव्यात. त्यांच्या घराण्यात कुणीतरी संस्थानच्या फौजेत होतं, त्यामुळे आपल्या माणसांची भांडणं तलवारीनं व्हायची याचा त्यांना अभिमान होता, आणि आमची ही तऱ्हा त्यांना फार मनोरंजक वाटे. दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना त्या आईला विचारायच्या, "काय वहिनी, रामलाल सुधरला की नाही? की अजून टाइम आहे?"

पप्पा कोर्टात पेशकार होते. म्हणजे न्यायाधीशांच्या खाली टेबलाशी बसून एकेका खटल्याची फाईल पुढे सरकवायची आणि पुढची तारीख सांगायची. दिवसभर माणसांचा न्याय जवळून पाहिल्यामुळे देवाच्या न्यायावरची त्यांची श्रद्धा पक्की झाली होती. जेवताना ते आम्हाला सांगायचे, की खटला कितीही लांबू दे, शेवटी आरोपीला उभं करून साहेब विचारतात, तुला काही सांगायचंय का. अगदी खुन्यालासुद्धा विचारतात. "माणसाला विचारावं लागतं," पप्पा पोळीचा तुकडा मोडत म्हणायचे, "कारण माणसाला ठाऊक नसतं. देवाला विचारावं लागत नाही." मला आणि माझ्या थोरल्या भावाला, अरुणला, हे फार मोठं ज्ञान वाटायचं. त्यातला घोटाळा कळायला मला चौदावं वर्ष लागलं आणि पप्पांना त्रेपन्नावं.

आता विजय नगरातल्या सातव्या मजल्यावर बसून हे लिहिताना मला त्या घराचे आवाज आधी आठवतात. पहाटे आईच्या स्टोव्हला मारलेला पंप, मग लोखंडी कढईतल्या मोहरीची तडतड. आई मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, तिला सातला निघायचं असे, त्यामुळे पोहे सहालाच तयार असत. पोह्यांवर जिरावण नावाचा इंदुरी मसाला आणि शेव. इंदूरात शेव लागत नाही असा एकच पदार्थ आहे, तो म्हणजे औषध, असं आई म्हणायची. आमच्याकडे जाडी, लवंगेची शेव येई, कारण पप्पांना दाताखाली कुरकुरीत काही नसलं तर जेवल्यासारखं वाटत नसे. नाताळात आई करंज्या, चकल्या, अनारसे करायची आणि दिवाळीत शिर्केकाकूंकडून आलेल्या ताटाची परतफेड त्याच ताटातून व्हायची. काकू दर वर्षी चकली मोडून बघायच्या आणि म्हणायच्या, "वहिनी, तुमच्या येशूची चकली आमच्यापेक्षा खुसखुशीत कशी होते हो?" नाताळचा तारा आमच्या गच्चीपेक्षा त्यांच्या गच्चीवरून चांगला दिसतो, असंही त्यांचं म्हणणं होतं.

आमच्या पुढच्या खोलीत, खिडकीखाली, मंडळीची बाजाची पेटी असायची. देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, मागच्या खोलीत ओल होती, म्हणून ती आठवडाभर आमच्याकडे राही आणि रविवारी टेम्पोतून मराठी उपासनेला जाई. ती वाजवायचे मनोहर काका. ते कापडाच्या मिलमध्ये कामाला होते, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एका खोलीत एकटे राहायचे. लग्न झालेलं नव्हतं, भाऊ-बहीण कुणी इंदूरात नव्हतं. दर शनिवारी दुपारी सायकल मारत सरावाला यायचे, दारातून "सलाम दादा, सलाम वहिनी" म्हणायचे आणि पेटीवरचा रुमाल असा काढायचे की आम्ही आपोआप गप्प बसायचो. दात त्यांना लवकर सोडून गेले होते. खिशात कायम बारीक शेवेची पुडी असे, ती चहात भिजवून खायची. त्या पुडीवरून मंडळीत त्यांची चेष्टा व्हायची. पाळकसाहेब एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते, की मनोहर स्वर्गात गेला तर दारात आधी शेवेचं दुकान विचारील. काका हसले होते. त्यांना हसताना तोंडावर हात ठेवायची सवय होती.

पेटीवर भक्तिगीतांखेरीज काही वाजवायचं नाही, असा पप्पांचा कायदा होता. अर्थात तो मोडायचं माझ्या मनात आलं नसतं तर मी हे प्रकरण लिहीत बसले नसते. नाताळ होऊन गेला होता. शाळेतून मी तीनला घरी यायची; पप्पा कोर्टात, आई दवाखान्यात, अरुण क्रिकेटला. मनोहर काकांची बोटं बघून बघून मला चाली काढता येत होत्या. एका मंगळवारी मी पेटी उघडली, वर शेवेची वाटी ठेवली आणि रेडिओवर त्या वर्षी सारखं लागणारं एक सिनेमातलं गाणं काढू लागले. डाव्या हातानं भाता, उजव्या हातानं सूर, मधेच एक घास. दुसऱ्या कडव्याशी मला इतका जोर चढला की वाटी उलटली आणि बरीचशी शेव पट्ट्यांच्या फटींतून आत गेली. मी पेटी तिरकी केली, हलवली, वेणीतली पिन घालून उकरली. थोडी निघाली. उरलेली देवाच्या हवाली करून मी वर रुमाल घातला.

ती शेव देवाच्या आधी उंदराला मिळाली. रविवारी, ऐन उपासनेत, दुसऱ्या गीताच्या मधोमध, पेटीनं एक लांब उसासा सोडला आणि ती बंद पडली. मनोहर काका भाता हलवत राहिले; आतून नुसती हवा जात होती. दीडशे माणसं पेटीशिवाय गात राहिली आणि शेवटच्या कडव्यापर्यंत चार वेगवेगळ्या चालींत पोचली. उपासना संपल्यावर मंडळीतल्याच कुणीतरी जवळच्या एका मिस्त्रींना बोलावून आणलं. त्यांनी देवळाच्या पायरीवर वर्तमानपत्र पसरून पेटी खोलली. भात्याच्या घडीला रुपयाएवढं भोक होतं, आत कापसाचं घरटं. मिस्त्रींनी पेटी उलटी करून थाप मारली तशी कागदावर शेव पडली. "ये देखो साहब," ते म्हणाले, "सेव खिलाओगे तो चूहा तो आएगाच."

मंडळीतल्या वीसेक माणसांनी आधी शेवेकडे पाहिलं आणि मग मनोहर काकांच्या खिशाकडे. मी पप्पांच्या मागे उभी होते. मी बोलले नाही. हे सरळ लिहून टाकलेलं बरं, कारण पुढं मी स्वतःला बरीच कारणं दिली आणि त्यातलं एकही खरं नव्हतं. मी घाबरले होते, बस. मनोहर काका खाली वाकले, एक तुकडा बोटांत धरून पाहिला, पप्पांकडे पाहिलं, मग का कोण जाणे माझ्याकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात पप्पांनी हात वर केला. सगळ्या मंडळीला पप्पांच्या मनाचा मोठेपणा दिसावा अशा आवाजात ते म्हणाले, "मनोहर, मी तुला काही विचारणार नाही. कुणीही विचारू नये. मी हे देवाच्या हाती सोपवलंय." लोकांना फार बरं वाटलं. एका बाईंनी डोळे पुसले. मनोहर काकांनी तो तुकडा कागदावर परत ठेवला, "सलाम दादा" म्हणाले आणि सायकल घेऊन गेले. पुढच्या शनिवारी ते आले नाहीत. त्या रविवारी नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत.

त्या संध्याकाळपासून प्रार्थनेत रामलालच्या जागी मनोहर काका आले. "प्रभू, आमचा भाऊ मनोहर, त्याच्या मनातला ताठा काढ. त्याला कबूल करायची बुद्धी दे. न्याय तुझा आहे." रोज सात वाजता. शिर्केकाकूंनी आठवडाभरात आईला विचारलं, "हे मनोहर म्हणजे ते पेटीवाले का हो? इतके सीधे दिसतात. काय केलं काय त्यांनी?" आई म्हणाली, "माहीत नाही." पप्पांना ते आवडलं नाही. पेटी दुरुस्त होऊन पुन्हा खिडकीखाली आली. देवळात एक तरुण मुलगा गिटार घेऊन उभा राहू लागला. त्याला तीन सूर येत होते आणि आमची सगळी गीतं त्या तीन सुरांत बसवण्यात येत होती. आज आमच्या मंडळीत ड्रम आहे, तेव्हा त्या मुलाबद्दल मी काही बोलू नये.

माझी अवस्था काय सांगू. आमच्या भागातला पोस्टमन पत्त्यात घरनंबर चुकला तरी बरोबर माणसाला पत्र आणून द्यायचा. देव पोस्टमनपेक्षा कमी हुशार असेल असं मला वाटत नव्हतं. पप्पा रोज मोठ्यानं मनोहर काकांचं नाव घेऊन न्याय मागत होते आणि तो न्याय रोज बरोबर माझ्या पत्त्यावर निघत होता. मी खोकले तरी मला वाटायचं, आला. सायकल पंक्चर झाली, वाटलं, सुरुवात झाली. मग गणिताच्या चाचणीत मला आयुष्यात पडले नव्हते तेवढे मार्क पडले आणि मी जास्तच घाबरले, कारण देव इतकं चांगलं वागतोय म्हणजे त्याच्या मनात काहीतरी मोठं असणार. खरी भीती वेगळी होती. पप्पा माझ्याकडे एकदा तसं बघतील, जसं पायरीवर त्यांनी मनोहर काकांकडे बघितलं होतं, ही. आणि दर रविवारी देवळात मनोहर काकांचं रिकामं स्टूल समोर असायचं. ते स्टूल कुणी हलवलं नव्हतं.

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, सुरू झाला. मोठी माणसं चाळीस दिवस मटण सोडायची, कुणी चहा सोडायचं. मी शेव सोडली. देवाशी मी मनातल्या मनात ठरवलं होतं, की चाळीस दिवस शेव न खाल्ल्यास प्रकरण मिटवावं. पहिल्या दिवशी मी पोह्यांवरची शेव नको म्हटलं तर आईनं माझ्या कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी जीभ दाखवायला लावली. तिसऱ्या दिवशी पोट कसं आहे विचारलं. चौथ्या दिवशी ती निघायच्या घाईत होती, तरी पांढरी साडी सावरत माझ्यासमोर पाटावर बसली.

"बेबी, शेव का नको?"

"लेंट आहे."

"लेंटमध्ये लोक मटण सोडतात. मी वीस वर्षं या गावात आहे, शेव सोडलेलं माणूस पाहिलं नाही." तिनं माझ्याकडे बघितलं, मग खिडकीखालच्या पेटीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. नर्स होती, तिला फार वेळ लागत नसे. मला वाटलं आता ती ओरडेल. ती म्हणाली, "संध्याकाळी प्रार्थनेत तुझी पण पाळी असते ना? काय म्हणतेस तू?"

"पाठ केलेलं."

"हं," आई म्हणाली. चप्पल घातली आणि गेली. पप्पांना तिनं काही सांगितलं नाही. तिचा मला तेव्हा फार राग आला. तिनं सांगून टाकलं असतं तर मी सुटले असते.

आमच्या प्रार्थनेचे दोन नियम होते. एक, लहानापासून सुरुवात. दुसरा, कुणी प्रार्थना करत असताना, त्यानं आमेन म्हणेपर्यंत, डोळे उघडायचे नाहीत आणि मधे बोलायचं नाही, कारण तो देवाशी बोलत असतो. हा नियम पप्पांनीच केला होता. त्या संध्याकाळी मी पाठ केलेलं सुरू केलं, आई-पप्पांना आशीर्वाद दे, अरुणला पास कर, आणि मग माझ्या तोंडून निघालं, "आणि प्रभू, मनोहर काकांचा ताठा काढू नकोस. त्यांच्यात ताठा नाही. शेव माझी होती. मी पेटीवर सिनेमातलं गाणं वाजवत होते आणि वाटी सांडली."

पप्पांचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. पण मी आमेन म्हटलं नव्हतं. आमेन म्हणेपर्यंत ते काही करू शकत नव्हते, हे माझ्या लक्षात आलं, आणि मी थांबलेच नाही. मी पाळकसाहेबांसाठी प्रार्थना केली, दवाखान्यातल्या सगळ्या रोग्यांसाठी केली, पंतप्रधानांसाठी, सीमेवरच्या जवानांसाठी, अनाथ मुलांसाठी, शिर्केकाकूंच्या गुडघ्यांसाठी, गिटारवाल्याला चौथा सूर यावा म्हणून. रामलालसाठीसुद्धा केली. शेजारचा रेडिओ पार बंद झाला होता. अरुणला हसू आवरेना, तो उशीत तोंड खुपसून बसला असावा. शेवटी मागायला काही उरलं नाही, आणि मला रडू यायला लागलं होतं. मी म्हटलं, "येशूच्या नावानं मागते. आमेन."

डोळे उघडले तर पप्पांचे मिटलेलेच होते. त्यांची पाळी शेवटी असे. अरुणनं आणि आईनं आपली पाळी सोडून दिली. ते एकच वाक्य बोलले, तेही नेहमीच्या मोठ्या आवाजात नाही: "प्रभू, मला क्षमा कर." मग उठून आतल्या खोलीत गेले. मला मार बसला नाही. बसला असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं, आणि अजूनही वाटतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पप्पांनी सकाळी लवकर कोट घातला, सायकल काढली आणि मला म्हणाले, "बस मागे." मनोहर काकांच्या खोलीचं दार उघडंच होतं. आत एक खाट, एक पत्र्याची ट्रंक, खुंटीवर मिलचे कपडे. काका खाटेवर बसले होते, आंघोळ करून, केस चापून बसवून, उपासनेला घालायचा करडा कोट घालून. कुठंतरी निघाल्यासारखे. आम्हाला बघून ते गडबडीनं उठले. "सलाम दादा. अरे, बेबी पण. या, या भिया, बसा ना."

पप्पा बसले नाहीत. "मनोहर, शेव हिची होती," ते म्हणाले.

"हां," काका म्हणाले. "मला माहीत आहे."

"माहीत आहे? कधीपासून?"

"त्याच दिवशीपासून. ती जाडी सेव होती दादा, लौंगवाली. माझ्याच्यानं ती चावते कुठं? तुमच्याच घरची." ते माझ्याकडे बघून तोंडावर हात ठेवून हसले. "आणि हिचा चेहरा बघितला मी."

पप्पांचा आवाज चढला. अपराधी माणसाचा चढतो तसा. "मग बोलला का नाहीस? दोन महिने झाले!"

"विचारलं कुठे कोणी?" काका अगदी साधेपणानं म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. त्यांना तो मारताच येत नसे. "तुम्ही तर सरळ वरच्या कोर्टात केस पाठवून दिली. तिथं मी काय बोलणार, यार? आणि पोरगी लहान आहे. म्हटलं, तिचं ती बघेल."

तीस वर्षं ज्यांनी रोज एक वाक्य ऐकलं होतं आणि एकदाही स्वतः उच्चारलं नव्हतं, त्या माणसाला ते उच्चारायला किती जड गेलं, ते मी पाहिलं. "मनोहर," ते म्हणाले, "तुला काही सांगायचंय का?"

काका विचारात पडले. मला वाटलं ते म्हणतील, नाही दादा, जाऊ द्या. मोठी माणसं असंच म्हणतात. पण काकांनी पप्पांच्या प्रश्नाचं खरंखुरं उत्तर दिलं. "हां. सांगायचं तर आहे. रविवारी सकाळी मला कळत नाही कुठं जाऊ. पंचवीस वर्षांची आदत आहे. आंघोळ होते, कोट घालतो, आणि मग बसून राहतो. इथं ट्रंकेवर बोटं चालवतो थोडी. अकरा वाजले की कोट काढतो."

पप्पा ट्रंकेवर बसले आणि रडले. मी त्यांना त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. काकांना काय करावं सुचेना. त्यांनी चहा ठेवला. मग खिशातून पुडी काढून माझ्यापुढे धरली. "घे. बारीक आहे. पेटीत पडली तरी चूहा येणार नाही." मी म्हटलं, मी शेव सोडलीय. ते म्हणाले, "कोणासाठी?" मी पुडीत हात घातला.

तिथून आम्ही तिघं दोन सायकलींवर देवळात गेलो. उपासना सुरू झाली होती. पप्पा पुढं जाऊन उभे राहिले आणि त्या दिवशी पायरीवर ज्यांनी ऐकलं होतं, त्या सगळ्यांनाच सांगितलं, की मनोहरनं काही केलेलं नाही, मी त्याला विचारलं नाही, आणि न विचारण्याला मी श्रद्धा म्हणत होतो. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. लोकांना त्या दिवशी मागच्या वेळेसारखं बरं वाटलं नाही. कुणी डोळे पुसले नाहीत. मनोहर काका स्टुलावर जाऊन बसले. पेटी घरी होती, म्हणून ते नुसतेच बसले.

पुढं ते पंधरा वर्षं वाजवत होते, गिटारच्या शेजारी. पप्पांची संध्याकाळची प्रार्थना चालू राहिली, पण तिच्यात माणसांची नावं कमी झाली. एखादं यायला लागलं की आई डोळे मिटूनच म्हणायची, "विचारलंत का त्याला?" नियम मोडून. पप्पा पुढच्या विषयाकडे वळायचे. दुसऱ्या दिवशी कोर्टातून येताना त्या माणसाकडे जाऊन यायचे. शिर्केकाकूंची मात्र करमणूक गेली.

पप्पांच्या शेवटच्या वर्षी त्यांना फारसं काही आठवत नसे. मी त्यांना विजय नगरात आणलं होतं, आईही होती. अरुणला ते पाळकसाहेब समजायचे आणि मला नर्स. पण सात वाजता सतरंजी घालावी लागे. मनोहर काका जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. एका संध्याकाळी पप्पांनी सुरुवात केली, "हे प्रभू, आमचा भाऊ मनोहर..." आणि ते अडखळले. आयुष्यभर प्रार्थनेत ज्यांनी डोळे उघडले नाहीत, त्यांनी ते उघडले आणि घाबरून आईकडे पाहिलं.

"मी त्याला विचारलं का?"

"विचारलंत," आई म्हणाली. "त्यानं सांगितलं. तुम्ही चहा प्यायलात त्याच्याकडे."

पप्पांनी थोडा वेळ तिच्याकडे बघितलं, खरं सांगतेय ना म्हणून. मग डोळे मिटले आणि म्हणाले, "आमेन."